शर्यत आणि प्राण

डुमसच्या रस्त्यावर मोटारसायकलीची पैज लावताना आमच्या सुरतेच्या धर्मग्रामातील एक तरुण पडला. त्या रात्री रुग्णाभ्यंगाचे तेल घेऊन आम्ही त्याच्या उशाशी बसलो. देवकृपेने तो वाचला. पुढे त्याने विचारले, "फादर, शर्यत जिंकणे पाप आहे काय?"

आम्ही त्यास इटलीच्या जाकोमो आगोस्तिनींची हकिकत सांगितली. जागतिक स्पर्धेत 122 शर्यती व 15 अजिंक्यपदे जिंकलेला हा वीर. 1972 साली आइल ऑफ मॅन बेटावरील शर्यतीत त्यांचे मित्र जिल्बेर्तो पार्लोत्ती मरण पावले. त्याच दिवशी आगोस्तिनी तेथे जिंकले. परंतु त्या रस्त्यावर शर्यतीस पुन्हा कधी उतरले नाहीत.

"जिंकणे पाप नाही, बाळा," आम्ही म्हणालो, "पण परमेश्वराने दिलेला प्राण पैजेस लावण्याचा अधिकार आपणांस नाही."