तारेवरची पत्रं

जुन्या घरांत पत्रं पेटीत नसायची, तारेला असायची. खुंटीला टांगलेला आकडा, आलेलं कार्ड त्यात खोचून द्यायचं. कोपरा फाडलेलं, म्हणजे मरणाची वार्ता आणणारं, तेवढं वाचून लगेच नष्ट करत. बाकी सोयरिकीचं, कोर्टाचं, सगळं एकावर एक. हिंगोली-वसमतकडच्या अशाच तारांवरून कादंबरीकारांची काही पत्रं माझ्याकडे आली. कुणा वाचकानं धीर करून लिहिलेलं असतं, लेखकानं चार ओळींचं उत्तर धाडलेलं असतं आणि ते अडतीवरच्या हळदीच्या पट्टीखाली दबून राहिलेलं असतं. मजकुराच्या मधोमध तारेचं भोक. जाणकार म्हणतात, किंमत उतरते. उतरू दे.

सहीपुरतं कात्रण काढून काचेत घालणाऱ्यांशी माझं जमत नाही. मला खाडाखोड हवी. छापील पानावर ठाम वाटणारा लेखक कार्डावर एकच शब्द दोनदा खोडतो, जागा संपली की समासातून उभा चढत जातो. वि. स. खांडेकरांच्या अखेरच्या वर्षांतल्या पत्रांत मात्र हे शोधू नये. दृष्टी गेली होती. ते सांगत, लिहून दुसरं कुणी घेई. ‘ययाति’साठी १९७४चं ज्ञानपीठ मिळालं त्या काळातलं पत्र म्हणजे शब्द खांडेकरांचे, वळण दुसऱ्याच्या हाताचं. ते हस्ताक्षराच्या संग्रहात बसतं का? मी बसवीन.

खरी पंचाईत वेगळीच. पत्र लिहिणाऱ्याकडे राहत नाही. माझ्याजवळ उत्तरं आहेत, प्रश्न नाहीत. आमच्या मातीतलं सगळ्यात मोठं पत्रही असंच बाहेर गेलं. नरहर कुरुंदकर मूळचे वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे, नांदेडला प्राध्यापक. कोवाडच्या रणजित देसाईंना त्यांनी शिवाजी महाराजांविषयी लांबलचक पत्र लिहिलं आणि तेच ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना झालं. कादंबरीकाराला इतक्या परखडपणे आणि तरी इतक्या आस्थेनं लिहिलेलं दुसरं पत्र माझ्या वाचनात नाही. आज ते घरोघर आहे, पण छापील. पेन कुठे थांबलं, कुठला शब्द खोडला, काही कळत नाही. अभ्यासकाचं त्यावर भागतं, माझं नाही.

म्हणून हल्ली कुणी कार्ड दाखवलं की मी आधी विचारतो, तुमच्या आजोबांनी काय लिहिलं होतं? बऱ्याच जणांना ऐकून ठाऊक असतं. एकानं सांगितलं, नायिकेला उगाच मारलंत म्हणून भांडले होते. मी ते कार्डाच्या पाकिटावर पेन्सिलीनं टिपून ठेवलं आहे.