रडायची वाट न बघता

टॉन्सिलचं ऑपरेशन म्हणजे आईस्क्रीमची चंगळ, असं सगळ्यांनी लेकीला आधीच सांगून ठेवलं होतं. घरी आल्यावर तिने आईस्क्रीमकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थुंकी गिळणंसुद्धा नको होतं. लाळ ओठांच्या कडेने गळायची, म्हणून उशीवर टॉवेल.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, रडायची वाट बघू नका. पॅरासिटामॉल दर सहा तासांनी, घड्याळ लावून. दुखणं एकदा चढलं की मूल गिळत नाही. मग औषधही जात नाही आणि पाणीही. घसा कोरडा पडतो आणि आणखी दुखतो.

सासूबाईंना हे पटेना. "अगं, शांत बसलीये ना ती? कशाला उगाच औषधांचा मारा?" शांत होती खरी. पण एरवी घर डोक्यावर घेणारी पोर बाहुली मांडीत धरून नुसती बसून राहिली, की मला तेच दुखण्याचं लक्षण वाटायचं. "दुखतंय का?" विचारलं की मान हलवून "नाही". 'हो' म्हटलं की औषध येतं, हे तिला पक्कं कळलं होतं. मग दवाखान्यातून मिळालेला चेहऱ्यांचा तक्ता काढला : हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहरे, शून्य ते दहा. त्यावर मात्र बोट खरं पडायचं.

औषधाचा हिशेब वजनावर असतो, वयावर नाही. ती 18 किलोची. एका वेळी किलोमागे साधारण 15 मिलिग्रॅम. पण सिरपच्या बाटल्यांत कुठे 5 मिलीत 120 मिलिग्रॅम, कुठे 250. म्हणजे नुसतं 'एक चमचा' म्हणण्याला काही अर्थच नाही. नवरा दुसरी बाटली आणायला गेला तो लेबलाचा फोटो घेऊनच. मागच्या तापातलं एक सिरप घरात होतं, त्यात आयबुप्रोफेनबरोबर पॅरासिटामॉलही. ते कुणाच्या हाताला लागू नये म्हणून माळ्यावर टाकलं.

रात्री दोनचा डोस सगळ्यात अवघड. अर्धवट झोपेत तिला टेकून बसवायचं, बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडायचं, वर पाण्याचा घोट. मग ती झोपली तरी मी गळ्याकडे बघत राहायचे. झोपेत मूल सारखं गिळत राहिलं तर आत रक्त येत असू शकतं, तडक दवाखाना गाठायचा, असं सांगितलं होतं. कोकम सरबतही त्याचसाठी बंद. लाल काही प्यायल्यावर उलटी झाली, तर रक्त की सरबत कसं ओळखणार?

चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणं कमी व्हायचं सोडून वाढलं. शिवाय कान ठणकायला लागले. घशाचं दुखणं एकाच नसेवरून कानात जाणवतं, हे आधी ऐकलं नसतं तर मी थेंब घालत बसले असते. घशात पांढरट थर, तोंडाला वास. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पू झालाय वाटतं." तो पू नव्हता, खपली होती.

ती सुटल्यावर गुरगुट्या भात जाऊ लागला. कुरकुरीत मात्र दोन आठवडे बंद. त्याआधीच एका संध्याकाळी तिने आजीच्या डब्यातली चकली मागितली आणि मी नाही म्हटल्यावर असं भोकाड पसरलं, की घसा बरा होत आल्याची खात्री पटली. सासूबाई हळूच म्हणाल्या, "दुधात भिजवून देऊ का गं?"