लेकॅनी

भुईमुगाचं पान उलटून पाहायची सवय असेल तरच हा भेटतो. वरून पाहणाऱ्याला पान नुसतं पिवळट, ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. खालची बाजू मात्र तांबेऱ्याच्या बारीक फोडांनी भरलेली असते. बोट फिरवलं की विटेचा चुरा लागावा तशी भुकटी लागते. भाद्रपदाच्या अखेरीस, चार दिवस आभाळ भरून राहिलं असेल आणि नशीब असेल तर, त्यातला एखादा फोड पांढरा सापडतो. भिंग लावलं की कळतं, ही भुरी नव्हे. पांढरे तंतू फोडाच्या कडेनं आत शिरलेत, बीजाणूंना विळखा घालून बसलेत, आणि विटकरी भुकटीच्या जागी फिकट, सुरकुतलेला कचरा उरलाय. पानाला त्यानं हातही लावलेला नाही. त्याला पानात रस नाहीच. बुरशी असून बुरशी खाणारा हा प्राणी आहे. प्राणी म्हणणं शास्त्राला धरून नाही, पण त्याची वागणूक पाहिली की दुसरा शब्द सुचत नाही.

कागदोपत्री त्याचं नाव एकदा ठरेल तर शपथ. १८९८ मध्ये झिमरमान या शास्त्रज्ञानं जावा बेटावर कॉफीच्या खवले किडीवर त्याला पाहिलं आणि सेफॅलोस्पोरियम लेकॅनी म्हटलं. १९३९ मध्ये तो व्हर्टिसिलियम झाला, २००१ मध्ये लेकॅनिसिलियम आणि अलीकडे अकँथोमायसिस. घराणं तीनदा बदललं, लेकॅनी तेवढं टिकलं. कृषी सेवा केंद्रात विचाराल तर तो अजून व्हर्टिसिलियमच आहे. २००१ च्या फेरफारात आणखी एक गोष्ट उघड झाली. ज्याला सगळे एक समजत होते तो एकटा नव्हताच, सारख्या चेहऱ्याची भावंडं होती. इंग्लंडमध्ये १९८० च्या दशकात काचघरांतल्या पिकांसाठी माव्यावर व्हर्टालेक आणि पांढऱ्या माशीवर मायकोटल अशी दोन उत्पादनं निघाली. ती चक्क दोन वेगळी भावंडं निघाली. तेव्हा पुडीवर नाव वाचून आत आहे तो तांबेरा खाणारा की नुसता मावा मारणारा, हे सांगता येत नाही. पुडीवर सहसा मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, फुलकिडे यांचीच यादी असते. तांबेरा हा त्याचा जोडधंदा, आणि जोडधंद्याची पाटी कोण लावतो?

हे दोन धंदे जमतात कसे? किडीचं कवच आणि बुरशीच्या पेशीची भिंत, दोन्हींत कायटिन असतं. ते विरघळवणारी विकरं याच्याकडे आहेत. मेक्सिकोतल्या चियापास भागात जॉन व्हँडरमीर आणि इव्हेट पर्फेक्टो यांनी कॉफीच्या मळ्यांत ही भानगड वर्षानुवर्षं पाहिली. तिथं अझ्टेका मुंग्या कॉफीच्या झाडावर हिरवी खवले कीड राखतात, तिचा गोड पाझर पितात. मुंग्यांच्या राखणीमुळे कीड दाटते, आणि दाटलेल्या किडीवर लेकॅनी तुटून पडतो. तिथून तो कॉफीच्या तांबेऱ्यावरही उतरतो. म्हणजे ज्या किडीला मळेवाला शिव्या घालतो, तिच्या जिवावर तांबेऱ्याचा वैरी पोसला जातो. परिणाम फार मोठा नाही, हे तिथल्याच अभ्यासात आलंय. पण शेतातला प्रत्येक किडा मारायलाच हवा असं मानणाऱ्यानं या मुंग्यांकडे एकदा पाहावं.

भुईमुगाचा तांबेरा आपल्याकडे तसा नवखा. टिक्का, म्हणजे पानांवरच्या काळ्या डागांचा रोग, जुना; तांबेऱ्यानं १९७० च्या आसपास देशात बस्तान बसवलं. दोघांच्या तऱ्हा वेगळ्या. टिक्का लागला की पानं गळून पडतात आणि वेल उघडी पडते. तांबेऱ्याची पानं वाळूनही वेलीला लटकत राहतात. दोघे एका हंगामात एकत्र आले तर निम्म्याहून अधिक उत्पादन जाऊ शकतं. हैदराबादजवळ पाटणचेरूच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेतल्या सुब्रह्मण्यम, रेड्डी आणि मॅकडोनल्ड यांनी या रोगांवर जगणाऱ्या बुरश्यांबद्दल १९९० मध्ये लिहिलं, त्यात हा आहे. टिक्क्याच्या काळ्या डागांवर बसणारा हॅन्सफोर्डियाही त्याच टोळीतला. 

लेकॅनीचे अवगुण लपवण्यात अर्थ नाही. तो उशिरा येतो, आणि येणारच, कारण त्याचं जेवण म्हणजे तांबेरा. ताट वाढलं गेल्याशिवाय पाहुणा बसणार कुठं? त्याला ओल लागते. तांबेऱ्याला रात्रीचं दव पुरतं, याला त्याहून लांबलेला ओलावा हवा. २०-२५ अंशांत खुलतो, तिशी ओलांडली की मंदावतो, आणि उघडं ऊन लागलं की त्याचे बीजाणू मरतात. म्हणून तर फवारणी संध्याकाळी करा म्हणतात, लिटरला ५ ग्रॅम घेऊन, पानाच्या खालच्या बाजूनं. यातली खालची बाजू जवळजवळ प्रत्येक जण विसरतो. भुईमूग जमिनीलगत पसरलेला. पंपाचा नोझल वाकवून खालून मारायचं म्हणजे कंबर मोडते. त्याचे बीजाणूही चिकट. तांबेऱ्याची भुकटी वाऱ्यावर या शिवारातून त्या शिवारात जाते, हा पावसाच्या थेंबाबरोबर किंवा किड्याच्या पायाला लागून हातभर सरकतो. शत्रू घोड्यावर आणि हा पायी, अशी ही लढाई. ती तो एकटा जिंकेल असं म्हणणारा माणूस पुड्या विकत असतो.

आणि तरी मला तो आवडतो, तो त्याच्या वेळेमुळे. पेरणीनंतर सव्वा महिन्यानं आऱ्या सुटतात, दोन महिन्यांत शेंगा भरायला लागतात. तोवर मँकोझेब, हेक्झाकोनॅझोल, क्लोरोथॅलोनील यांचा राबता चालतो आणि त्यात याला जागा नसते. बुरशीनाशकाला चांगली बुरशी आणि वाईट बुरशी हा फरक कुठून कळायचा? पण काढणी जवळ आली की रसायनांना थांबावं लागतं. शेंगा तोडून झाल्या की भुईमुगाचा पाला जनावरांपुढे जातो, आणि क्लोरोथॅलोनीलसारख्या औषधाचा पाला गोठ्यात नको. ही पथ्यं पाळणारे पाळतात. नेमक्या याच दिवसांत रात्री गार व्हायला लागतात, सकाळी दव उतरतं आणि तांबेरा ऐन भरात असतो. माणूस हात झटकून बाजूला झालेला, शेत मोकळं. तेव्हा हा कामाला लागतो. त्या पिकाच्या शेंगांचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. पण त्यानं खाल्लेल्या फोडातली भुकटी उडत नाही. उशिरा पेरलेल्या शेजारच्या वावरात तेवढी कमी पडते, काढणीत सांडलेल्या शेंगांतून आपोआप उगवलेल्या रोपांवरही तेवढी कमी. आपल्या हवेत भुईमुगाचा तांबेरा एका हिरव्या पिकावरून दुसऱ्या हिरव्या पिकावर असाच ढकलत जगतो. म्हणून ती रोपं उपटून टाकणं हा या रोगावरचा सगळ्यात स्वस्त उपाय. तो लेकॅनीच्या आधी करावा, हे मी त्याचा चाहता असूनही म्हणेन.

दुकानात मात्र त्याची ओळख औषध म्हणूनच करून दिली जाते. परवाच एका दुकानात एक म्हातारा पुडी उलटीसुलटी करून पाहत होता. "मारल्यावर किती दिसांत फरक पडंल?" दुकानदार म्हणाला, "आठ दिसांत बघा की मामा." म्हाताऱ्याला आठ दिवस जास्त वाटले. त्यानं वरच्या फळीवरची बुरशीनाशकाची बाटलीही मागितली, दोन्ही शेजारी ठेवली आणि विचारलं, "एकाच पंपात घातलं तर चालंल का?"

"चालंल की," दुकानदार म्हणाला आणि बिल फाडलं.