आमच्या पोरीने कॉलेजात संगीत शिकायचे का?

बारावीचा निकाल लागला आणि आमच्या घरात वाद पेटला. थोरल्या दादांच्या मुलीला बी. ए. करायचे होते, तेही संगीत विषय घेऊन. दादा एसटीत चालक. त्यांनी एका वाक्यात विषय संपवला, "गाणं म्हणायला कॉलेज कशाला? जयंतीला म्हणतेच की! डिग्री अशी घे, जिच्यावर भाकरी मिळंल."

दादांना मागासलेल्या विचारांचे ठरवून मोकळे होणे सोपे आहे. आम्ही तसे केले नाही, कारण त्यांच्या बोलण्यामागे इतिहास आहे. या देशात आपल्या माणसांनी हौस म्हणून वाजवले नाही, त्यांना वाजवायला लावले गेले. लग्नात, मिरवणुकीत हलगी वाजवायची आपल्या वस्तीने आणि जेवायला बसायचे मांडवाबाहेर! १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या लोकांनी गावकीची कामे नाकारली. अनेक मातंग वस्त्यांनीही हलगी खाली ठेवली आणि त्यापायी बहिष्कार सोसला. ज्यांच्या बापजाद्यांनी वाद्य खाली ठेवून माणूसपण मिळवले, त्यांना पोरीच्या हातात पुन्हा वाद्य देताना धास्ती वाटणारच.

पण इतिहासाची दुसरी बाजूही आपलीच आहे. आपण वाद्य सोडले नाही, त्याचा मालक बदलला. सत्यशोधक जलशांनी भटशाहीचे वाभाडे काढले. पुढे आंबेडकरी जलसे आले, भीमराव कर्डकांसारखे जलसाकार गावोगाव फिरले. जिथे वर्तमानपत्र पोहोचत नव्हते तिथे ढोलकी पोहोचली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षरे शिकले आणि त्यांनी हजारो गाणी रचली. खुद्द बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते. त्यांना कोणी विचारले असते का, की यावर भाकरी मिळेल काय?

आमचे आजोबा जलशात पेटी वाजवायचे. त्यांची वही आजही घरात आहे. वाद चालू असताना पुतणीने ती वही आणून दादांच्या पुढ्यात ठेवली. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर आजोबांनी चाल लिहिली आहे, म्हणजे कुठल्या गाण्याच्या चालीवर म्हणायचे तेवढे. काही चाली सिनेमाच्या, त्या सापडतात. काही मात्र त्या काळच्या दुसऱ्या जलशांतल्या गाण्यांच्या आहेत आणि ती गाणी आता कोणालाच येत नाहीत. काही ठिकाणी नुसते 'वरीलप्रमाणे' लिहिले आहे. शब्द आहेत, गाणे नाही. पोरगी म्हणाली, "पप्पा, ही चौदा गाणी मला म्हणता येत नाहीत. आजोबांना सुरांची लिपी येत असती तर आली असती."

त्या रात्री दादा काही बोलले नाहीत.

पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) पेशाने वकील होते. त्यांनी देशभर फिरून उस्तादांकडच्या चिजा मिळवल्या, स्वरलिपीत लिहिल्या, क्रमिक पुस्तक मालिकेत छापल्या आणि रागांची दहा थाटांत मांडणी केली. त्याआधी पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले होते. घराण्यांच्या गळ्यात असलेले गाणे असे कागदावर आले, त्याची परीक्षा सुरू झाली, पदवी सुरू झाली. ही मेहनत आम्ही नाकारत नाही. आमचा सवाल वेगळा आहे. आमच्या वस्तीत वही-पेन्सिल घेऊन कोण आले? जे लिहिले गेले ते 'शास्त्रीय' आणि जे लिहायला कोणी आलेच नाही ते 'लोकगीत', ही वाटणी सुरांनी केली की जातीने?

याचा अनुभव प्रवेशाच्या वेळीच आला. एका महाविद्यालयात पुतणीला काहीतरी गायला सांगितले. तिने भीमगीत गायले. समोरच्या बाई म्हणाल्या, "आवाज छान आहे, पण हे नको. काहीतरी नीट गा." आवाज चालतो, गाणे चालत नाही! पोरगी रडत घरी आली. आम्हाला वाटले, आता ही नाद सोडणार. पण दादाच उसळून म्हणाले, "तिथंच जायचं. त्यांना काय येतं ते सगळं शिकून घ्यायचं."

भाकरीचा प्रश्न मात्र या त्वेषाने सुटत नाही, तो आम्ही कागदावर मांडला. पालकांचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते आणि ती कला शाखेलाही लागू आहे. एम. ए. नंतर संगीत विषयात नेट देता येते. मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे, पुण्याच्या विद्यापीठात ललित कला केंद्र आहे. पण जागा थोड्या, पक्की नोकरी त्याहून थोडी. हे पोरीपासून लपवणे म्हणजे तिची फसवणूक झाली असती. म्हणून ठरले असे : बी. ए. संगीत घेऊनच करायचे, सोबत मराठीही घ्यायचे, म्हणजे पुढे बी. एड. ची वाट उघडी राहील. आणि पहिल्या वर्षापासून आजोबांच्या वहीतले जे गाणे म्हणता येते, त्याचे स्वरलेखन करायचे.

हा निर्णय बरोबर की चूक, हे आणखी काही वर्षांनी कळेल. दादांची धास्ती गेलेली नाही, आमचीही नाही. पण एवढे नक्की कळले आहे, की ज्या वर्गात आपले कोणी बसत नाही त्या वर्गाच्या अभ्यासक्रमात आपले गाणे येत नाही.

बांधवांनो, तुमच्या घरात अशी पोर असेल तर तिला लगेच नाही म्हणू नका. आधी खर्चाचा हिशोब मांडा, मग तिचे म्हणणे ऐका. आणि वस्तीत जलशातले एखादे म्हातारे माणूस हयात असेल तर आजच जा, मोबाईल समोर ठेवा आणि त्यांना गायला सांगा. आमच्या आजोबांसमोर असे कोणी बसले नाही. आम्हीही नाही.

जयभीम!