जेऊरचे जवस आणि इटलीचे क्षौम

पुण्याहून सोलापूरकडे जाणारी गाडी भिगवण मागे टाकून पुढे निघाली, की काही वेळाने करमाळे तालुक्यातील जेऊर हे स्टेशन लागते. सोलापूरपर्यंतचा हा लोहमार्ग १८६० साली पुरा झाला. करमाळ्यास जाणारा उतारू येथेच उतरतो. १९८० साली उजनीचे धरण पूर्ण झाल्यापासून या भागात ऊस आणि केळी यांचे राज्य झाले आहे; तथापि पाण्यापासून दूरच्या काळ्या रानात रब्बी ज्वारीच्या जोडीला करडई व निळ्या फुलांचे जवस क्वचित दृष्टीस पडते.

जवस म्हणजे चटणी, एवढीच आपली त्याच्याशी ओळख. परंतु संस्कृतात याच वनस्पतीस अतसी, उमा, क्षुमा अशी नावे आहेत. आणि क्षुमेच्या तंतूंचे वस्त्र ते क्षौम. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात सासरी निघालेल्या शकुंतलेस वृक्षाने दिलेले मंगल वस्त्र क्षौमच होते. आज जग त्यास लिनन म्हणते. आपले जवस बियांसाठी पेरलेले, म्हणून बुटके व फांद्यांचे. धाग्याचे जवस दाट पेरतात. ते सरळ उंच वाढते. मग अंबाडीप्रमाणे कुजवून व झोडून त्याचा तंतू काढतात.

जेऊरच्या एका परिचित घरी इटलीहून पुतण्याने पाठविलेला, हाताने भरतकाम केलेला लिननचा टेबलक्लॉथ पाहावयास मिळाला. घरच्या आजींनी तो नातवाच्या लग्नासाठी म्हणून बारा वर्षे ट्रंकेत जपला होता. उघडला तो घड्यांच्या रेषा पिवळ्या पडलेल्या, आणि एके ठिकाणी धागे विरलेले! आजी काही बोलल्या नाहीत. विरलेल्या जागेवरून नुसता हात फिरवीत राहिल्या.

इटलीत ही कला फार जुनी. अंब्रिया प्रांतातील पेरुजा नगरीची पांढरी, निळ्या पट्ट्यांत पशुपक्षी विणलेली वस्त्रे मध्ययुगापासून विख्यात आहेत. लिओनार्दोने १४९५ ते १४९८ च्या सुमारास मिलान येथे रंगविलेल्या ‘अंतिम भोजन’ या भित्तिचित्रातील मेजावरही तशाच निळ्या पट्ट्यांचे वस्त्र आहे. असिसीच्या भरतकामात आकृती कोरी सोडून भोवतालची जमीन टाक्यांनी भरतात. पेरुजास १९२१ साली स्थापन झालेल्या एका विणकामशाळेत आजही हातमागावर जॅकार्ड चालते. आणि हेच जॅकार्ड सोलापुरी चादरीवर फुले उमटविते.

आता निगेविषयी. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात रेशीम व लोकर खारी मातीने, तर क्षौम पांढऱ्या मोहरीने शुद्ध करावे असे सांगितले आहे. आज मोहरी वाटण्याचे कारण नाही. पण ज्या त्या तंतूस त्याच्या प्रकृतीप्रमाणे शोधन हवे, हे तत्त्व अबाधित आहे. लिनन कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावे. ब्लीच वापरू नये, पिळू नये. विहिरीचे पाणी जड असल्यास साबणाचा अंश धाग्यात राहून पुढे पिवळेपणा येतो. म्हणून शेवटचे खळबळणे साठविलेल्या पावसाच्या पाण्यात करावे. चहा सांडताच थंड पाणी लावावे. हळदीचा डाग साबणाने लाल झाला तरी घाबरू नये. तो उन्हात फिका पडतो. एरव्ही वस्त्र सावलीतच वाळवावे. ते दमट असतानाच उलट बाजूने इस्त्री करावी, आणि भरतकामाखाली जाड टॉवेल घालावा, म्हणजे टाके चेपत नाहीत.

ठेवणीत खळ मुळीच नको. खळीवर कसर येते. घडी न घालता धुतलेल्या जुन्या धोतरात गुंडाळी करून ठेवावे. घडी घालणे भागच असेल, तर दर दोन-तीन महिन्यांनी ती बदलावी. एकाच रेषेवर वर्षानुवर्षे मोडून राहिलेला धागा अखेरीस तुटतोच.

ओले झाल्यावर हा तंतू अधिक बळकट होतो आणि प्रत्येक धुण्यागणिक मऊ पडतो. म्हणजे वापर हाच त्याचा स्वभाव होय. म्हणून असे वस्त्र ज्यांच्या घरी असेल त्यांनी ते लग्नकार्याची वाट पाहत न ठेवता दर सणास काढावे, त्यावर चार माणसे जेवू द्यावीत, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या हाताने धुऊन ठेवावे.