धाकट्या चकतीसाठी

गिअरची नवी सायकल हातात आली की पोरं आधी मोठ्या चकतीवर चेन चढवून बघतात. वेग तिथं असतो, त्यामुळे नवलाईही तिथंच. माझी नजर आधी लहान चकतीवर जाते. नार्नूरहून निघून उटनूर–आसिफाबाद रस्त्यावरचा केरामेरी घाट चढायचा, किंवा पौष अमावास्येला कॅरिअरवर वळकटी बांधून केस्लापूरच्या नागोबा जत्रेला जायचं, तर मोठी चकती शोभेलाच उरते. तीन चकत्यांच्या सायकलला पुढचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा पिंजरा, निवडायचा तो या धाकटीसाठी, हे माझं मत.

साधा हिशेब बघा. पुढे ४२-३२-२२ दात्यांच्या चकत्या, मागची सगळ्यात मोठी चक्री ३२ची, चाक २६ इंची. लहान चकतीवर पायडलच्या एका फेरीत सायकल जेमतेम १.४ मीटर सरकते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी पाच किलोमीटर, म्हणजे चालण्याचा वेग. पण वजनासकट, आणि बसून! हल्ली पुढे एकच चकती ठेवायची चाल आहे. स्रॅमनं २०१२ मध्ये तसा अकरा गिअरचा संच आणला आणि महागड्या माउंटन बाइकवरून पुढचा डिरेलर हळूहळू नाहीसाच झाला. त्या सुटसुटीतपणाचं मला कौतुक आहे. पण मागची भलीमोठी कॅसेट झिजली की तिची किंमत ऐकून माणूस पुन्हा बसचं वेळापत्रक बघायला लागतो.

इथं डिरेलर बाहेरून मागवावा लागतो, त्यामुळे मापं आधी घ्यावी लागतात. पहिलं माप दात्यांचं. ४२ मधून २२ गेले, उरले २०. एवढा फरक पेलणारा डिरेलर हवा. दोन चकत्यांचा साधारण १६ पर्यंतच पेलतो. तो इथं बसवला तर लहान चकतीवर आलेली चेन पिंजऱ्याच्या बुडाशी घासत राहते. तीन चकत्यांच्या पिंजऱ्याची आतली पट्टी खोल असते आणि तिला पायरी असते. मधल्या चकतीवर चेन उचलायचं काम ती पायरी करते. बाहेरच्या पट्टीचा बाक मात्र मोठ्या चकतीवरून ठरतो. ४८ साठी घडवलेला पिंजरा ४२ वर लावला की त्याचं शेपूट चकतीपासून लांब राहतं आणि चेन रेंगाळत चढते.

मग सीटखालच्या नळीची जाडी. क्लॅम्प २८.६, ३१.८ आणि ३४.९ मिलिमीटर अशा तीन मापांत येतात. व्हर्नियर नसेल तर नळीभोवती दोरा गुंडाळावा: घेर नऊ, दहा की अकरा सेंटिमीटर, एवढं कळलं की झालं. शिंप्याची टेप इथं इंजिनिअरिंगला पुरते.

केबल वरून ओढली जाते की खालून, हे फ्रेम ठरवते. दोन्ही बाजूंनी चालणारे डिरेलर मिळतात, तेही घ्यावेत. पण फ्रेमच निवडायची असेल तर मी वरून येणारी केबल घेईन. आमच्याकडं कापसाची काळी माती. पावसाळ्यात ती क्रँकखालच्या केबलच्या खाचेत जाऊन बसते आणि वाळली की सिमेंट होते.

आणि त्याचा फटका नेमका धाकटीला बसतो. मोठ्या चकतीवर जाताना आपला अंगठा केबल ओढतो, जोर लावता येतो. लहानीवर उतरताना केबल फक्त सैल होते. पिंजरा आत आणायचं काम एकट्या स्प्रिंगचं. त्यात मागचा डिरेलर चेनची सैल बाजू हलवतो, पुढच्याला मात्र पायांच्या जोरानं ताणलेली वरची बाजू ढकलायची असते. म्हणून चढ लागायच्या आधीच, पाय हलका करून, चेन उतरवायची. दुकानात डिरेलर हातात घेतला की मी तो दाबून सोडतो. झटक्यात परत आला पाहिजे, आणि रिबिटांत खुळखुळ नको. हे जमत असेल तर टूर्नी, आल्टससारखा साधाही चालतो. वापरलेलाही चालतो.

शिफ्टरच्या बाबतीत मी जुन्या वळणाचा. रोड सायकलचा शिफ्टर आणि माउंटनचा डिरेलर यांची केबल ओढण्याची मापं जुळत नाहीत, मग टिकटिक वाजते एकीकडे आणि चेन जाते दुसरीकडे. पुढच्या गिअरला टिकटिक नसलेला, घर्षणावर थांबणारा अंगठ्याचा दांडा लावला की हा तंटाच मिटतो. केबल ताणली गेली तर दांडा किंचित पुढे ढकलायचा, इतकंच.

बसवताना बाहेरची पट्टी चकतीला समांतर आणि मोठ्या चकतीच्या दात्यांवर एक ते तीन मिलिमीटर. मग चेन पुढे सगळ्यात लहान, मागे सगळ्यात मोठ्या चक्रीवर आणून आतला स्क्रू असा आवळायचा की चेन आणि आतली पट्टी यांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फट राहू नये. फट वाढली की चढावर चेन चकतीच्या आत पडते, पाय रिकामा फिरतो आणि सामानासकट माणूस आडवा होतो. म्हणून मी जरा घट्टच ठेवतो. सायकलचा मालक येऊन म्हणतो, काका, घासतंय. त्याला मागची एक चक्री बदलायला सांगतो. चेन थोडी बाहेर सरकते, आवाज जातो. स्क्रूला मी हात लावत नाही.