अक्षावरचीं अक्षरें

आलेखांतील वक्ररेषेकडे सर्वांचें लक्ष जातें. तिच्या कडेला बसलेल्या नांवांकडे क्वचितच कोणी पाहतो. वरंधच्या परिसरांतील डोंगरउतारांचा आलेख संगणकावर काढावयास बसलों, तेव्हां माझी सारी संध्याकाळ मात्र त्या नांवांनींच खाल्ली.

22 जुलै 2021 रोजीं महाड तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळली. तेव्हांपासून इकडे 'उतार' हा शब्द केवळ भूमितीचा राहिलेला नाहीं. चिकटपणा नसलेल्या कोरड्या मातीचा उतार कितपत तग धरील, याचें पाठ्यपुस्तकी माप सोपें आहे: मातीच्या घर्षणकोनाचा टॅन भागिलें उताराच्या कोनाचा टॅन. हा भागाकार एकाहून खालीं गेला कीं माती घसरावयास लागते. (मातींत पाणी भरलें म्हणजे गणित आणखी बिघडतें, पण तो प्रांत इंजिनियरांचा.) घर्षणकोनास फाय आणि उतारास बीटा हीं ग्रीक अक्षरें योजण्याचा प्रघात आहे.

पायथन भाषेंतील मॅटप्लॉटलिब हें साधन डॉलरच्या दोन चिन्हांमधील मजकूर गणित म्हणून वाचतें. ही लेखनरीत डोनाल्ड क्नूथ यांच्या 'टेक' या अक्षरजुळणीच्या योजनेवरून घेतलेली. स्वतःच्या ग्रंथाचीं मुद्रितें ओबडधोबड आलेलीं पाहून या गृहस्थांनीं 1977 सालीं ती हातीं घेतली. तींत चिन्हाच्या नांवाआधीं एक उलटी तिरपी रेघ देतात. पायथनला मात्र त्या रेघेचा अर्थ निराळाच ठाऊक! तिच्यापुढें बीटाचा 'बी' आला कीं तो मागें सरकण्याची आज्ञा ठरतो. टॅनचा 'टी' मोकळी जागा होऊन बसतो. फाय तेवढा सुखरूप राहतो. म्हणजे ज्या अक्षरानें डोंगराचा उतार दाखवावयाचा, तेंच आधीं घसरतें. उपाय एका अक्षराचा: अवतरणचिन्हापूर्वीं 'आर' लिहिलें म्हणजे पायथन त्या मजकुरास हात न लावतां तो जसाच्या तसा पुढें धाडतें.

मराठी नांवांचें दुखणें वेगळें. माझ्याजवळच्या आवृत्तींत 'मिलिमीटर' लिहिलें तर ऱ्हस्व इकार अक्षराच्या डावीकडे न बसतां उजवीकडे जाऊन उभा राहतो. 'पाऊस' मात्र बिनबोभाट उमटतो. भास्कराचार्यांनीं बाराव्या शतकांत अव्यक्त राशींस 'या', 'का', 'नी' अशीं आपलींच अक्षरें दिलीं होतीं. त्यांतलें एकही या यंत्रास जड जाऊं नये, ही मौजच म्हणावयाची.

कॉलेजच्या प्रतीवर मीं बीटा ठेवला. वरंधला न्यावयाच्या प्रतीवर आडव्या अक्षाखालीं 'डोंगराचा उतार', उभ्याशेजारीं 'मातीचा आधार' एवढेंच लिहिलें आणि एकाच्या आंकड्यावरून एक तांबडी रेघ ओढली.